दारू नाही, तरी लिव्हर तपासा

मुकुंदनगरात मी लिव्हरचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: ‘आपण दारूला शिवत नाही.’ खरंच आहे. पण मधुमेह आणि सुटलेलं पोट दारूविनाही लिव्हरवर चरबी चढवतात. पुढे लिव्हर कडक होतं, दुखत मात्र नाही.

अब्बांचे रक्ताचे रिपोर्ट काढा. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, यानं भागा. समजा वय 45, एसजीओटी 70, एसजीपीटी 49, प्लेटलेट दीड लाख, म्हणजे 150. उत्तर 3. हाच फिब-4. एसजीपीटी पाहून कुणीही ‘किरकोळ आहे’ म्हणालं असतं!

1.3 च्या खाली धोका कमी. 2.67 च्या वर गेला, तर डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल विचारा. लिव्हरचा तुकडा काढून तपासायची वेळ सहसा येत नाही. पासष्टीपुढे आकडा वयामुळेही फुगतो, तेव्हा दादीला उगाच घाबरवू नका.