शिक्षेचे दप्तर



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल आभार मानण्याचा रिवाज मी या एका वाक्यात उरकतो, कारण आजच्या ठरावाला विरोध करणारी मंडळी याच सभागृहात बसली आहेत आणि आभारप्रदर्शनाच्या गोडव्यात त्यांचा वेळ खर्ची पडावा हे मला न्याय्य वाटत नाही. ठराव साधा आहे. ज्या पोलिस कर्मचाऱ्यांनी आपल्याच खात्यातील गैरव्यवहार उजेडात आणला आणि त्यानंतर ज्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, त्यांच्यावर दोषारोप कोणता ठेवला, चौकशी कोणी केली आणि मूळ तक्रारीचे पुढे काय झाले, हे रहिवाशांना सांगावे, आणि नगरपरिषदेने आपल्या सर्वसाधारण सभेत तशी मागणी नोंदवावी. एवढ्यानेच काही सद्गृहस्थांना राज्यव्यवस्थेचा पाया खचल्याचा भास होऊ लागला आहे.

आपल्या प्रांताला हे प्रकरण नवे नाही. १८८८ साली कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावरील लाचलुचपतीच्या आरोपांची चौकशी पुण्यात झाली, तेव्हा बढतीसाठी किंवा गैरसोयीची बदली टाळण्यासाठी आपण पैसे मोजले अशी साक्ष ज्या मामलेदारांनी दिली, त्यांनी ती सरकारच्या अभयवचनावर विसंबून दिली होती. आयोगाने साहेबांना लाचखोरीच्या आरोपातून मुक्त केले. आणि विलायतेत ओरड होताच, ज्यांच्या तोंडून सरकारने सत्य वदवून घेतले त्यांपैकी कित्येकांना सरकारनेच नोकरीवरून दूर केले. १८८९ साली त्यांच्या बाजूने पुण्यात जाहीर सभा भरली आणि टिळक तीत बोलले. ते मामलेदार धुतल्या तांदळासारखे होते असे सभेला जमलेल्यांनी मानले नव्हते. लाच देणारा लाच देणाराच असतो. त्यांचे भांडण याविषयी होते, की साक्ष देणाऱ्याची रोजी जावी आणि साक्ष ज्याच्याविरुद्ध दिली त्याची अब्रू राहावी, हा हिशेब कोणत्या खतावणीत बसतो? (याच क्रॉफर्डसाहेबांच्या नावाची मंडई मुंबईत पोलिस आयुक्तालयासमोर उभी आहे. तिला महात्मा फुल्यांचे नाव देऊनही लोकांच्या तोंडचे जुने नाव गेलेले नाही. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.)

आता आजच्या काळाकडे येऊ. खात्याविरुद्ध बोलणाऱ्या शिपायाला त्या बोलण्याबद्दल शिक्षा झाली, असे कोणत्याही आदेशात लिहिलेले आढळणार नाही. त्याची बदली नियंत्रण कक्षात होते आणि ती प्रशासकीय कारणास्तव होते. मग हजेरीस विलंब, गणवेशातील उणीव, वरिष्ठांशी उद्धट वर्तन असे कसुरी अहवाल एकामागून एक त्याच्या नावे जमू लागतात. कारणे दाखवा नोटीस निघते, वेतनवाढ रोखली जाते. आणि अखेरीस पोलिस दलाची प्रतिमा मलीन केल्याचा तो सर्वसमावेशक ठपका येतो, ज्याच्या पोटात काहीही मावते. प्रत्येक कागद आपल्यापुरता निर्दोष असतो. ते सगळे तारीखवार एकत्र मांडले आणि त्यांच्याशेजारी त्या माणसाच्या मूळ तक्रारीची तारीख ठेवली, तरच त्यांचा अर्थ लागतो. आणि तसे कोणी मांडू नये यासाठीच हे दप्तर बंद ठेवायचे असते.

कायदा काय म्हणतो? पोलिस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९६६ चा केंद्रीय अधिनियम पोलिसाला परवानगीवाचून वृत्तपत्राशी संपर्क साधण्याची मनाई करतो आणि उल्लंघनास दोन वर्षांपर्यंत कारावास सांगतो. मात्र निव्वळ वाङ्मयीन, कलात्मक वा शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला त्याने मोकळीक ठेवली आहे. म्हणजे ठाण्यातील हवालदाराने चांदण्यावर कविता रचून ती छापावी, त्यास सरकारची हरकत नाही. त्याच चांदण्यात कोठडीत काय घडले ते मात्र त्याने छापू नये. साहित्यावर सरकारचा एवढा विश्वास पाहून आपण साहित्यिकांनी हर्षित व्हावे की लज्जित व्हावे, हे मी तुमच्यावर सोपवतो. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, राष्ट्रपतींची त्यावर २०१४ साली स्वाक्षरी झाली, आणि तो अमलात आणण्याची अधिसूचना निघालीच नाही. मनाईचा कायदा चालतो, अभयाचा पडून राहतो.

राहता राहिला माहितीचा अधिकार. तेथे उत्तर येते की शिस्तभंगाची कारवाई ही त्या कर्मचाऱ्याची खाजगी बाब आहे. २०१२ साली गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की नोकराची कामगिरी हा मुख्यत्वे नोकर आणि मालक यांच्यामधला विषय आहे. न्यायालयाविषयी पूर्ण आदर राखून मी विचारतो, पोलिसाचा मालक कोण? ज्यांच्या करातून त्याचा पगार निघतो ते आपण जर मालक नसू, तर निदान त्रयस्थ तरी नाही. त्या निकालाने व्यापक जनहिताची वाट उघडी ठेवली होती; २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील मूळ कलमच छाटून, वैयक्तिक माहिती म्हटली की संपले, अशी त्याची रचना केली. तरीही माहिती अधिकार अधिनियमाचे कलम ८(२) शाबूत आहे, आणि गोपनीयतेपेक्षा जनहित वजनदार ठरले तर माहिती देता येते, असे ते आजही सांगते.

पण या खाजगीपणाचा खरा धनी कोण ते पाहा. ज्याला शिक्षा झाली तो स्वतः म्हणतो, माझे दप्तर चव्हाट्यावर मांडा. त्यात लपवण्यासारखे माझे काही नाही. तेव्हा त्याच्याच अब्रूच्या नावाने जो पडदा ओढला जातो तो त्याला झाकत नाही, शिक्षा देणाऱ्याला झाकतो! आणि तो माणूस खरोखरच सूडबुद्धीने तक्रारी करणारा असेल, तसेही असतात, तर दप्तर उघडल्यावर सर्वांआधी त्याचेच पितळ उघडे पडेल. मग खात्याने भ्यावे कशाला?

पोलिस खाते नगरपरिषदेच्या अखत्यारीत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण आम्ही नगराध्यक्षांकडे फौजदाराची बदली मागत नाही. गावाचे म्हणणे गावाच्या सभागृहात नोंदवा एवढेच मागतो. दप्तर उघडल्याने दलाचे मनोधैर्य खचेल असे म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्ककडे पाहावे. तेथे १९७६ च्या एका कलमाने पोलिसांची शिस्तभंगाची कागदपत्रे लोकांपासून दूर ठेवली. जून २०२० मध्ये ते रद्द झाले, आणि त्या शहराची पोलिस चौकी म्हणून एकही ओस पडली नाही.

ठरावास एक उपसूचना आली आहे: ‘माहिती द्यावी’ याऐवजी ‘शक्य असल्यास द्यावी’ असे म्हणावे. उपसूचना नियमाप्रमाणे मतास टाकणे माझे कर्तव्य आहे आणि ते मी करीन. तिच्याविषयीचे माझे मत तुम्ही ओळखले असेलच. मतदान आवाजी होणार नाही. हात वर करावेत, आणि चिटणिसांनी दोन्ही बाजूंची नावे, माझ्या नावासह, इतिवृत्तात लिहून घ्यावीत.