स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि एक फसलेली गोळी

२००८ ते २०१३ या काळात जर्मनीत ‘कॉन्को-००५’ नावाची एक चाचणी झाली. स्वादुपिंडातली गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढता आली, असे ४३६ रुग्ण तिच्यात होते. एका गटाला जेमसायटाबिन ही नेहमीची किमो दिली, दुसऱ्याला तिच्या जोडीला एर्लोटिनिबची गोळी. निम्म्या रुग्णांचा आजार उलटायला किती काळ लागला? पहिल्या गटात ११.४ महिने. गोळीच्या गटातही ११.४ महिने!

गोळी काही आंधळेपणाने निवडलेली नव्हती. पेशीने कधी वाढायचे याचा निरोप देणारी प्रथिने शरीरात असतात, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. स्टॅन्ली कोहेन यांनी नवजात उंदरांना असे प्रथिन असलेला एक अर्क टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधीच उघडले. या शोधाला १९८६ चे नोबेल मिळाले. हा निरोप पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर घेतो. त्याची पूर्ण रचना १९८४ मध्ये उलगडली ती आक्सेल उलरिख या जर्मन शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने. ते तेव्हा कॅलिफोर्नियात होते. पुढे म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडला, माक्स प्लांक संस्थेत आले. कोंबड्यांना रक्ताचा कॅन्सर देणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी या रिसेप्टरचे साम्य निघाले, तेव्हाच त्याचा कॅन्सरशी संबंध असल्याचा संशय पक्का झाला.

स्वादुपिंडाच्या गाठीत तर रिसेप्टरही जास्त आणि निरोप देणारी प्रथिनेही जास्त. गाठ स्वतःच हुकूम सोडते, स्वतःच पाळते. मग रिसेप्टर बंद करा, हा तर्क सरळ होता, आणि एर्लोटिनिब नेमके तेच करते. आजार पसरलेल्या रुग्णांवरच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत एर्लोटिनिबने निम्म्या रुग्णांच्या जगण्याची मर्यादा ५.९१ महिन्यांवरून ६.२४ वर नेली. म्हणजे दहाएक दिवस. संख्याशास्त्राने त्याला ‘लक्षणीय’ म्हटले. रुग्णाच्या घरचे काय म्हणाले असतील, ते तुम्हीच ठरवा. त्या चाचणीत गोळीमुळे ज्यांच्या अंगावर पुरळ उठले ते जास्त जगले, म्हणून पुरळ दिसले की डॉक्टरांना बरे वाटू लागले. कॉन्को-००५ मध्ये तोही आधार गेला: पुरळ आणि आयुष्य यांचा काही संबंध सापडला नाही.

असे का व्हावे? रिसेप्टरला दाराच्या बेलचे बटण समजा. बटणावर कितीही चिकटपट्टी लावली, तरी आतली वायर शॉर्ट झाली असेल तर बेल वाजतच राहते. ही वायर म्हणजे रास घराण्यातली प्रथिने. ती जीटीपी नावाचा रेणू धरून ठेवतात तोवर चालू, तो तोडला की बंद. ही पकड कशी असते, हे १९८९ मध्ये हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी त्रिमिती रचनेतून दाखवले. स्वादुपिंडाच्या या कॅन्सरच्या सुमारे नव्वद टक्के रुग्णांत के-रास या प्रथिनात बिघाड होतो, जीटीपी तुटत नाही, आणि वाढीचा आदेश थांबतच नाही. वर रिसेप्टर उघडा की बंद, फारसा फरक पडत नाही.

पण उरलेले दहा टक्के? माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ तरुण रुग्णांच्या गाठींचे संपूर्ण जनुकवाचन प्रसिद्ध केले. त्यांतल्या चौघांत के-रास शाबूत होते. यांच्यापैकी काहींत न्यूरेग्युलिन या ग्रोथ फॅक्टरचे जनुक तुटून भलत्याच जनुकाला जोडले गेले होते. तिथे बिघाड बटणापाशीच होता. अशा दोघांना रिसेप्टर रोखणारी औषधे दिली. नेहमीच्या उपचारांना न जुमानणाऱ्या त्यांच्या यकृतातल्या गाठी मागे हटल्या. त्याच रिसेप्टर-घराण्याला रोखण्याची ही कल्पना ४३६ जणांच्या चाचणीत वाया गेली होती. मला वाटते, औषध चुकले नव्हते, रुग्णांची निवड न करता ते दिले गेले.

न्यूरेग्युलिनच्या याच बिघाडासाठी झेनोक्युटुझुमॅब हे औषध डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. हा बिघाड फार विरळा आहे, आणि गाठीची जनुकतपासणी केल्याशिवाय तो कळत नाही. दरम्यान के-रासलाच थेट रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्याही चालू आहेत. वायरपर्यंत पोहोचायला विज्ञानाला चाळीसएक वर्षे लागली.