मूठभर लोकर, नाव-गाव-तारखेसह



लोकरीवर बोलायला भातसानगरला कशाला जमायचे, असे मला इथे येण्याआधी विचारले गेले. इथला पाऊस मेंढराला मानवत नाही, हे खरेच आहे. चिखलात उभे राहून खूर कुजतात, म्हणून दख्खनी मेंढी पावसाळा घाटापलीकडच्या कमी पावसाच्या मुलखात काढते. पण दिवाळी सरली, भात कापून झाला, की मेंढरांच्या खांडी, म्हणजे कळप, माळशेज आणि कसारा घाटाने खाली उतरतात. शहापूर-मुरबाडच्या खाचरांत वाघुरीची जाळी लावून रात्रभर मेंढरे बसवतात. शेताला लेंडीखत मिळते, धनगराला भात किंवा पैसे मिळतात. वेगवेगळ्या गावांच्या खांडी काही महिने एकाच टापूत असतात. माझी आजची मागणी याच गोष्टीवर उभी आहे. कातरणी झाली की प्रत्येक खांडीतली मूठभर लोकर नाव, गाव, तारीख लिहून जपून ठेवा.

दख्खनी मेंढी भरड, बहुधा काळ्या लोकरीची. वर्षाकाठी एका जनावरामागे साधारण अर्धा किलो लोकर. लोणंद, संगमनेर, सोलापूर, कोल्हापूर अशा मुलखांच्या नावांनी तिचे प्रकार जाणकार ओळखतात. तिची लोकर मऊ व्हावी म्हणून मेरिनो आणि रांबुये नरांशी संकर झाले; राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही त्यावर वर्षानुवर्षे काम झाले. पुढे लोकरीचा भाव इतका पडला की कातरणीची मजुरीही सुटेना. मग जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीकडे लोक वळले. उंच, पोपटासारख्या नाकाची, वजनाला चांगली आणि अंगावर लोकर बेताची. मेंढपाळाचे हे गणित चोख आहे आणि त्याला कुणी नावे ठेवू नयेत. पण माळावरची मेंढी आपल्या डोळ्यांदेखत बदलली आणि त्या बदलाचा हातात धरता येईल असा पुरावा आपण फार थोडा राखला.

कुणी म्हणेल, अहवाल आहेत की. आहेत, आणि मी ते आदराने वाचतो. वजने, जुळी किती, लोकर किती ग्रॅम, सगळे त्यांत आहे. पण ज्याने मोजले त्याला जे विचारावेसे वाटले, तेवढेच कागदावर उतरले. लोकरीला मात्र पन्नास वर्षांनी नवा प्रश्न विचारता येतो.

दख्खनी लोकरीचा एक पुंजका बोटांत धरून उलगडून पाहा. वरचे केस राठ, लांब. त्यांच्या मुळाशी बारीक, मऊ लव. राठ केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्याच्या मधोमध पोकळ नळीसारखी रेघ दिसते. असा केस रंग नीट घेत नाही, ताठ राहतो, अंगाला टोचतो. मेरिनोचा तंतू भरीव आणि वीस मायक्रॉनच्या आसपास. दख्खनी मेंढीच्या जाड केसांची जाडी सहज त्याच्या दुपटीवर जाते. संकराच्या पिढ्यांमध्ये राठ आणि बारीक तंतूंचे प्रमाण कसे सरकत गेले, हे पुंजक्यांची ओळच सांगू शकेल. एडिंबराचे संशोधक मायकल रायडर यांनी जुन्या कापडांतले आणि चर्मपत्रांवर राहून गेलेले तंतू असेच मोजले आणि त्यातून युरोपातल्या मेंढ्यांचा इतिहास जुळवला.

केसाच्या दांड्यात आणि कातड्यात वंशद्रव्यही टिकते. कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सेलिश लोक घोंगड्यांसाठी लोकरी कुत्री पाळत. ती जात नामशेष झाली. १८५९ साली मेलेल्या ‘मटन’ नावाच्या एका कुत्र्याचे कातडे स्मिथसोनियन संस्थेत पडून होते. २०२३ साली त्यावरून त्या जातीचा वंश उलगडला, आणि सेलिश वडीलधाऱ्यांच्या आठवणी व शास्त्र शेजारी-शेजारी बसवून त्यावरचा लेख लिहिला गेला. एवढी मोठी गोष्ट एका कातड्यावर उभी राहिली.

आपल्या फलटणचेही उदाहरण आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातली छोटी गरोळ मेंढी आणली आणि तिचे जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. तेच जनुक ऑस्ट्रेलियाच्या बुरूला मेरिनोत आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांकडून ते आले असावे, असा तर्क होता. त्याला बळ मिळाले ते २००२ साली गरोळ मेंढीत तेच जनुक सापडल्यावर. ती जिवंत होती म्हणून हे साधले. दख्खनीचा जो प्रकार उद्या उरणार नाही, त्याच्याबद्दल कुणाला विचारणार?

अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, त्यामुळे बिरोबा-म्हसकोबा या देवांच्या कथा आज गायकाच्या आवाजात ऐकता येतात. त्या ओव्या गाणाऱ्यांच्या खांद्यावर जी घोंगडी होती, तिच्या लोकरीलाही जतनाचा हाच मान मिळायला हवा. घराघरांत जुन्या घोंगड्या आहेत. कुठे कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची मऊ घोंगडीही असेल. चिंचोक्याच्या खळीचा वास अजून असलेल्या त्या घोंगडीचा एक सुटलेला धागा, तिच्या मालकिणीच्या आठवणीसह, मला मोलाचा वाटतो.

जपायचे कसे? जनावराच्या कुशीवरून, मधल्या भागातून बोटाएवढा पुंजका घ्या आणि मांडीवरून दुसरा. धुऊ नका. कातडीकडच्या टोकाला दोरा बांधा. वय, नर की मादी, रंग, खांडीचे गाव, कातरणीचा महिना आणि नर कुठून आणला हे पेन्सिलीने लिहा. शाई इथल्या दमटपणात पसरते. लोकरीचा खरा वैरी कसर. नमुना कोरडा करून हवाबंद पिशवीत घाला, दोन आठवडे डीप फ्रीजमध्ये ठेवा, मगच पेटीत टाका. नोंद नसलेला नमुना मात्र ठेवू नका, तो पुढच्या माणसाला फसवतो.

पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाने आपल्या प्रक्षेत्रांवर हे काम हाती घ्यावे, राहुरी आणि फलटणने त्याला शास्त्राची बाजू द्यावी, ही माझी जाहीर विनंती आहे. शहापूर-मुरबाडच्या शाळांना दुसरी विनंती. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरतील तेव्हा मुलांना घेऊन जा, धनगराची परवानगी घ्या, त्याची माहिती त्याच्याच शब्दांत उतरवा, आणि पुंजक्याच्या पाकिटावर त्याची संमती असेल तर त्याचे नाव आधी लिहा, शाळेचे नंतर.