गणिताची भीती आणि लेकीचा फॉर्म
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘धंद्यातले अनुभव सांग’ म्हणून मला उभं केलंय. पण आज किराणा दुकानाबद्दल नाही, माझ्या हातून होता होता राहिलेल्या एका चुकीबद्दल बोलतो.

दहावीला मला गणितात १५० पैकी ५४ मार्क होते. सर समोरच बसलेत, त्यांना आठवत असेल! तेव्हापासून ‘गणित आपल्या घराण्यात नाही’ हे मी इतक्यांदा म्हटलं, की माझ्या लेकीलाही ते खरं वाटू लागलं. ती तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम. करते. एके दिवशी म्हणाली, “पप्पा, मला बिझनेस अॅनालिटिक्स शिकायचंय. आयआयटी मद्रासचा फॉर्म भरू?” मी हसलोच. म्हटलं, “तिथं जेईई लागते. उगीच पैसे घालवू नकोस.”

ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिनं सगळी माहिती वहीत लिहून माझ्यासमोर ठेवली. २०२०पासून त्यांचा डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. त्याला जेईई लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेतून चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. पायाभूत आठ विषय झाले की प्रमाणपत्र, पुढे पदविका, मग बीएस पदवी. बिझनेस अॅनालिटिक्स पदविकेच्या टप्प्यावर येतं. शिवाय २०२२पासून यूजीसीनं एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, म्हणजे बी.कॉम. सोडायची गरज नाही.

फॉर्म भरला म्हणजे प्रवेश मिळाला, असं मात्र नाही. आधी चार आठवडे इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग शिकवतात. दर आठवड्याला स्वाध्याय असतात. त्यात पुरेसे गुण मिळाले तरच पात्रता परीक्षा, तीही केंद्रावर जाऊन.

त्या दिवसांत तिनं माझी उधारीची वही मागितली. रात्री म्हणाली, “पप्पा, सरासरी उधारी बाराशे दिसते. पण निम्म्या गिऱ्हाइकांची चारशेच्या आतच आहे. दोन-तीन मोठ्या खात्यांनी सरासरी फुगवलीय.” मी म्हटलं, “हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे.” ती म्हणाली, “मग तुम्हाला संख्याशास्त्र येतं की!”

मित्रांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. जे मी रोज गल्ल्यावर बसून करत होतो, त्याचीच भीती मी पोरीला वारसा म्हणून देत होतो.

ती पात्र ठरली. पहिल्या सत्रात एक विषय राहिला, तो पुन्हा देतेय. पुढे काय होईल ते तिच्या कष्टावर.

तुमच्याही घरी कोणी असा फॉर्म घेऊन आलं, तर आधी हसू नका. सोबत बसून नियम वाचा, गुणपत्रकं काढून द्या, फीसवलत बसत असेल तर दाखले वेळेत काढा. आणि ते चार आठवडे त्याला दुकानातल्या, शेतातल्या कामातून मोकळं ठेवा.

सर, ते ५४ मार्क माझेच होते. पण ते मी लेकीच्या गुणपत्रकावर चढवत होतो. ते आता खोडले.