खिशातलं पाकीट आणि फोनातलं पाकीट

(कोजागिरी, ऑक्टोबर २०२४. सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण.)



दूध आटायला अजून अर्धा तास आहे, तेवढ्यात तुम्ही बोलून घ्या, असं सचिवांनी मला सांगितलं. म्हणजे माझी किंमत अर्धा तास. विषयही त्यांनीच दिला : लोक रोजचे पैसे मोबाईलवरून का द्यायला लागले? मी १९७४ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि २०११ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. ओल्या स्पंजावर बोट टेकवून नोटा मोजण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे विषय माझा आहेही आणि नाहीही.

आधी एक घोळ मिटवतो. वॉलेट म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेलं पाकीट. त्यात जेवढं टाकलं तेवढंच निघणार. यूपीआय म्हणजे पाकीट नव्हे, तुमच्या बँकखात्यातून समोरच्याच्या खात्यात थेट पैसे. आपण दोन्हीला ‘फोनवरून टाकले’ म्हणतो, आणि बोलताना तेवढं पुरतं.

तुम्हाला वाटेल, सगळं नोटाबंदीनं झालं. मला तसं वाटत नाही. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं होतं, नोटाबंदी ८ नोव्हेंबरला झाली. त्या रांगांमध्ये मीही उभा होतो, तेही माझ्याच जुन्या शाखेसमोर. काउंटरमागून जी रांग वर्षानुवर्षं बघितली, ती रस्त्यावरून बघायची वेळ आली. त्या दिवसांत लोकांनी फोनमध्ये वॉलेट घेतली खरी, पण ती नाइलाजानं. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. दुकानदारांना कार्ड घासायची मशीन मिळाली, पाहुणे आले, फोटो निघाले. पुढे तिथला व्यवहार पुन्हा रोखीकडे वळल्याच्या बातम्या आल्या. देशातही मार्च २०१८ पर्यंत चलनात जवळपास पहिल्याइतकीच रोकड परत आली होती. धाकानं धरलेली सवय धाक संपला की सुटते, हे आपण मुलांच्या अभ्यासावरूनही जाणतो.

मग आज एका महिन्यात यूपीआयचे दीड हजार कोटी व्यवहार कसे होतात? डिसेंबर २०१६ मध्ये अख्ख्या महिन्यात वीस लाखांच्या आसपास होते.

माझं उत्तर मोंढ्यात मिळालं. सुट्टे पैसे! पाच रुपये परत द्यायचे असले की दुकानदार हातात चॉकलेट ठेवायचा. चॉकलेट देऊन बघा, सामान देतो का! आणि आपल्या भागात दहाच्या नाण्याचं जे झालं ते तर विचारू नका. ‘हे चालत नाही’ म्हणून रिक्षावाला घेईना, भाजीवाली घेईना. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालतात. मी ती बातमी कापून खिशात ठेवली होती, सुभाष रोडवर दोन दुकानदारांना दाखवलीसुद्धा. एक म्हणाला, ‘साहेब, रिझर्व्ह बँक माझ्याकडं किराणा भरत नाही.’ आता सत्तावीस रुपये झाले की सत्तावीसच जातात.

दुकानदाराचं गणित वेगळं. कार्डाच्या मशीनवर त्याला कमिशन कापलं जायचं. यूपीआयवरचं ते शुल्क जानेवारी २०२० पासून सरकारनं शून्य केलं. मशीन नको, कागदावर छापलेला चौकोन पुरे. आणि तो मराठीत बोलणारा डबा! ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ असं डबा ओरडला की दुकानदाराला गिऱ्हाईकाच्या फोनमध्ये डोकवावं लागत नाही. माझ्या मते विश्वास बसवण्यात त्या डब्याचा वाटा जाहिरातींपेक्षा मोठा आहे.

अमेरिकेत आयोवा प्रांतात मक्याचं संकरित बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं, याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या दोघांनी १९४३ साली छापला. बियाण्याची माहिती विक्रेत्याकडून कळायची, पण पेरायचं ठरायचं शेजाऱ्याच्या अनुभवावरून. आपल्याकडे हायब्रीड ज्वारीचं वेगळं काय झालं? माझे वडील, भाकरीला चव नाही म्हणून दोन वर्षं नाव ठेवत होते. बांधाला बांध असलेल्या शेतातली रास बघितली आणि तिसऱ्या वर्षी गपचूप पेरली. आमच्या घरात फोनचं तसंच झालं. हिच्या भिशीतल्या बायकांनी रोख घेणं बंद केलं, म्हणून सौ. शिकली. बँक अधिकारी मी, पण पहिला व्यवहार तिचा.

दुसरं उदाहरण आपल्याच जिन्यावरचं. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या एका मावशींचा मुलगा आणि सून दर साली दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, कधी कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. नातवंडं मावशींजवळ. पूर्वी खर्चाचे पैसे मुकादमाच्या गावाकडे येणाऱ्या माणसाबरोबर यायचे. आठवडा लागायचा, कधी कमी पोचायचे. आता मुलगा फडावरून टाकतो आणि मावशी गिरणीत दळण आणायला जाण्याआधी फोन बघतात. त्यांना वाचता येत नाही. आकडे येतात. या बाईला सोय म्हणजे काय, हे मी समजावणार?

आता न घेणाऱ्यांबद्दल बोलतो. तरुण मंडळींना वाटतं म्हाताऱ्यांना जमत नाही. जमतं हो. भीती वेगळीच असते, आणि ती मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. २०१९ मध्ये मी जुना दिवाण विकायला जाहिरात दिली. एकाचा फोन आला, फार अदबीनं बोलला. ‘काका, चौकोन पाठवतो, स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ मी टाकला. साडेनऊ हजार गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. हे ज्यानं सदतीस वर्षं लोकांना ‘सही करण्याआधी वाचा’ म्हणून सांगितलं त्याला कळलं नाही. मी तक्रार केली नाही. सौ.लाही दोन वर्षं सांगितलं नाही. साडेनऊ हजारांपेक्षा ‘तुम्ही बँकेत होतात ना?’ हे वाक्य महाग वाटलं. आता १९३० नंबर आहे. असं झालं तर तासाभरात तिथं फोन करा, लाजत बसू नका. जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या खात्यांत पळतात.

आपल्या जिल्ह्यात पतसंस्था, मल्टिस्टेटमध्ये किती घरांच्या ठेवी अडकल्या, ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. असं पोळलेला माणूस पैसा डोळ्यांसमोर ठेवू पाहतो. त्याला मागासलेला म्हणू नका. आणि रोखीचा एक गुण आहेच : पाचशेची नोट मोडताना जीव तुटतो, फोनवर बोट टेकवताना तुटत नाही. महिनाअखेरीला माझ्या पासबुकात वीस-तीस रुपयांच्या ओळीच ओळी दिसतात, त्यातल्या निम्म्या चहाच्या.

हे सगळं सांगायचं कारण, समितीपुढे एक ठराव आला आहे : एप्रिलपासून मेंटेनन्स फक्त ऑनलाइन, रोख बंद. खजिनदारांचा त्रास मला कळतो. मी त्याच खुर्चीवर सहा वर्षं बसलो आहे. बहुतेक घरं आधीच फोनवरून भरतात, ती कुणी सांगितलं म्हणून नाही, सोयीचं वाटलं म्हणून. उरलीत चार घरं. तिघांची मुलं पुण्यात आहेत. ‘मुलाला सांगा, तो भरेल’ असं आपण म्हणतो, पण स्वतःच्या घराचा मेंटेनन्स स्वतःच्या हातानं भरून पावती घेणं ही त्यांच्यासाठी महिन्यातली एक गोष्ट आहे. ती ठरावानं काढून घेऊ नका.

खजिनदारांना वेळ नसेल तर पावतीपुस्तक माझ्याकडे द्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते अकरा मी खाली कार्यालयात बसेन, रोख घेईन, सोमवारी बँकेत भरून स्लिप खजिनदारांच्या हातात देईन. ज्यांना फोनवरून शिकायचं असेल त्यांनी त्याच वेळी यावं. आधी एक रुपया मला पाठवायचा, मी परत पाठवतो. दहाची नाणीही घेईन.

दूध झालेलं दिसतंय.