रोहिणीच्या आडवाटा



वसंतातल्या संध्याकाळी रोगराईचे बोलणे काढणे रसिकपणाचे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण या मांडवात बिडीचे बंडल खिशात असलेले श्रोते थोडे नसावेत. म्हणून हाच विषय घेतला.

पुणे-सातारा हमरस्ता किकवीपाशी अडला, तर दुचाक्या पांदीतून वाट काढतात. मालमोटार मात्र तिथे मावत नाही. पायातही असेच घडते. शुद्ध रक्त नेणारी रोहिणी हळूहळू बुजली, की शेजारच्या बारीक वाहिन्या रुंदावतात. बसल्या जागी तेवढे रक्त पुरते. चालू लागले की पोटरीत गोळा येतो, थांबले की उतरतो. पुष्कळजण हे दुखणे वयाच्या माथी मारतात. लंडनच्या जॉन हंटरने १७८५ साली एका गाडीवानाची गुडघ्यामागे फुगलेली रोहिणी वर मांडीतच बांधून टाकली. तरी त्याचा पाय वाचला, तो या आडवाटांमुळेच.

हार्वर्डचे शल्यविद्येचे प्राध्यापक ज्यूडा फोकमन यांनी हा प्रश्न १९७१ साली उलट्या बाजूने मांडला. कर्करोगाच्या गाठीलाही वाढण्यासाठी नव्या वाहिन्या लागतात. त्या फुटूच दिल्या नाहीत, तर गाठ उपाशी राहील, असे त्यांचे म्हणणे. प्रथम फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे वाहिन्यांना वाढीचा हुकूम देणारे प्रथिन हाती लागले, आणि त्याला अडवणारे औषध २००४ साली अमेरिकेत मंजूर झाले. मधुमेह्याच्या डोळ्यातल्या नको त्या वाहिन्यांवरही त्याच जातीची औषधे टोचतात. डोळ्यात सुई म्हटल्यावर अंगावर काटा येतो खरा, पण तिने पुष्कळांची नजर राखली आहे.

मग तेच प्रथिन पायात टोचून वाहिन्या का उगवू नयेत? तेही करून पाहिले. प्राण्यांत आशा दिसली, माणसांत बहुतेक निराशाच पदरी आली. म्हणजे पायातली आडवाट अजून शरीरालाच काढावी लागते.

आणि तंबाखू नेमकी तिथेच आडवी येते. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ साली वर्णिलेला रोग बहुधा तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांनाच गाठतो. बोटे काळी पडतात, कापावी लागतात. तंबाखू सर्वस्वी सोडली, तर तो बहुधा तिथेच थांबतो. ‘दिवसाला दोनच’ ही तडजोड त्याला मान्य नाही.

वाढत्या वयात रोहिणी बुजली असेल, तर वैद्याला विचारून रोज चालावे: दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. काही महिन्यांत पल्ला वाढतो. मात्र रात्री अंथरुणात पाय दुखून जाग येत असेल, किंवा बोटावरची जखम भरत नसेल, तर हा प्रयोग नको. दुसऱ्याच दिवशी पुणे गाठावे.