केसतोड पिळू नका, शेकवा

वरंध घाटाच्या अलीकडे, हिर्डोशी परिसरात भातलावणी सुरू झाली की दिवसभर अंगावर ओले कपडे आणि वरून प्लास्टिकचा कागद. मांड्या, काखा घासतात आणि केसाच्या मुळाशी लालबुंद, ठसठसणारं गळू, म्हणजेच केसतोड, उठतं.

याला जबाबदार असतो बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू. एरवी तो अनेकांच्या नाकात नि त्वचेवर निमूट असतो. जरा खरचटलं की आत शिरतो. त्याच्याशी लढताना मेलेल्या पांढऱ्या पेशींचा पू होतो.

उपाय सोपा आहे. स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा आणि १० ते १५ मिनिटं शेका, दिवसातून तीन-चार वेळा. गळू फुटलं की साबणाच्या पाण्यानं धुवा, वर कोरडी पट्टी बांधा, हात धुवा. रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवा.

सुईनं टोचू नका. बिब्बा तर मुळीच लावू नका, त्यानं कातडी भाजते. नाकाजवळचं किंवा वरच्या ओठावरचं गळू दाबलं, तर क्वचित संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

ताप आला, लाली पसरली, एकाच गळवाला अनेक तोंडं फुटली किंवा आठवडाभरात उतार पडला नाही, तर आरोग्य केंद्र गाठा. तिथे डॉक्टर चिरा देऊन पू काढतात. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मनानं घेऊ नका. मधुमेह असेल, तर थांबूच नका. गळवं वारंवार होत असतील, तर रक्तातली साखर तपासून घ्या.